अंगठी पर्समध्येच होती

‘जब हॅरी मेट सेजल’ ४ ऑगस्ट २०१७ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा युरोपच्या सहली घेऊन जाण्याच्या कामातले माझे सहावे वर्ष चालू होते. एप्रिल ते जून हा आमचा सुगीचा काळ. शाळा सुरू झाल्या आणि पावसाने जोर धरला की सहली विरळ होतात आणि आम्हा टूर मॅनेजर मंडळींना काही आठवडे घर दिसते. त्या वर्षीही मी ठाण्याला घरी होते आणि पहिल्याच रविवारी आईला घेऊन चित्रपटाला गेले. एरवी आई थिएटरमध्ये यायला राजी नसते. तिचे गुडघे दुखतात, तिथला आवाज तिला सोसत नाही आणि तिकिटाची किंमत ऐकून तिचा जीव वर-खाली होतो. या वेळी मी हट्ट धरला, कारण चित्रपटाचा नायक माझ्याच व्यवसायातला होता. सहा वर्षांत मी नेमके काय करते हे तिला नीट सांगणे मला जमले नव्हते. नातेवाइकांनी विचारले की ती ‘फिरतीवर असते’ एवढेच सांत्वनाच्या सुरात सांगायची. शाहरुख खानला हे काम करताना पाहिले म्हणजे तिला कळेल, असे मला मनापासून वाटत होते.

सुरुवातीच्या काही मिनिटांत माझी आशा खरी ठरली. ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर हॅरी, म्हणजे हरिंदर सिंग नेहरा, आपल्या प्रवाशांना निरोप देतो आहे. ओठांवर हसू आहे, प्रत्येकासाठी एखादा शब्द आहे आणि शेवटचा माणूस आत जाईपर्यंत ते हसू हलत नाही. मग ते उतरते. त्यानंतर अरिजित सिंगच्या आवाजातले ‘सफर’ हे गाणे सुरू होते आणि एकट्या फिरणाऱ्या या माणसाच्या डोळ्यांसमोर मागे सुटलेल्या पंजाबातली शेते येत राहतात. निरोपानंतर चेहऱ्यावरून उतरणारे ते हसू मी ओळखते. ते खोटे असते असे मुळीच नाही. पंधरा दिवस ते सांभाळलेले असते आणि प्रवासी गेल्यावर ते कुणासाठी सांभाळायचे हे क्षणभर समजत नाही. मी आईकडे पाहिले. ती पडद्याकडे एकाग्रतेने पाहत होती. आपले काम कुणीतरी नीट पाहिले आहे याचे जे समाधान असते, ते मला त्या अंधारात पहिल्यांदा मिळाले, आणि पुढच्या दोन तासांत ते हळूहळू निसटत गेले म्हणूनच हा लेख लिहावासा वाटला.

कथा थोडक्यात अशी. सेजल झवेरी ही मुंबईची गुजराती मुलगी कुटुंबाबरोबर युरोपच्या सहलीला आली आहे. तिच्या साखरपुड्याची अंगठी हरवते. ती परतीच्या विमानातून उतरते आणि अंगठी सापडेपर्यंत मदत केलीच पाहिजे असे हॅरीला बजावते. नोकरी जाण्याच्या भीतीने तो तयार होतो आणि दोघे ॲमस्टरडॅम, प्राग, बुडापेस्ट, लिस्बन असे शहरामागून शहर पालथे घालतात. सेजलच्या भूमिकेत अनुष्का शर्मा आहे, दिग्दर्शन इम्तियाज अली यांचे आहे आणि संगीत प्रीतम यांचे.

या चित्रपटाकडून अपेक्षा ठेवण्याची कारणे भक्कम होती. ‘जब वी मेट’ या २००७ सालच्या चित्रपटात याच दिग्दर्शकाने दोन अनोळखी माणसांना प्रवासात एकत्र आणून त्यांना एकमेकांच्या सहवासात बदलताना दाखवले होते. चित्रपटाचे नाव १९८९ सालच्या ‘व्हेन हॅरी मेट सॅली’ची उघड आठवण करून देणारे होते, त्या चित्रपटातले दोघे बारा वर्षे भांडत, भेटत, दुरावत राहतात आणि त्यांच्या प्रत्येक संवादानंतर नाते थोडे तरी पुढे सरकलेले असते. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटत होते. १९९५ साली ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मध्ये हाच अभिनेता युरोपात हुंदडून पंजाबच्या शेतात पोचला होता. बावीस वर्षांनी तो पुन्हा युरोपात आणि पुन्हा पंजाबी, पण या वेळी घरापासून तुटलेला, इतरांच्या सुट्ट्या वाहून नेणारा. शाहरुख तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होता. घरी पोचायचे राहून गेलेल्या माणसाचे वय त्याच्या चेहऱ्यावर होते, आणि ‘सफर’ गाण्यात कॅमेऱ्याने ते दिसूही दिले आहे. त्या वयाला चित्रपटाने कथेत जागा दिली असती, तर हिंदीत क्वचित दिसणारी एक प्रेमकथा आपल्याला मिळाली असती.

मध्यंतरात आई म्हणाली, “याला पुढचा ग्रुप घ्यायचा नसतो का गं?” तिचा प्रश्न अगदी साधा होता आणि मला वाटते की चित्रपट नेमका तिथेच हरवलेला आहे. विमानतळावरच्या पहिल्या दृश्यानंतर हॅरीचे काम जवळजवळ गायब होते. तो गाईड आहे हे आपल्याला सांगितलेले असते, पण रस्त्यावर, हॉटेलात, बाजारात त्याच्या वागण्यातून ते दिसत नाही. या कामाचे स्वतःचे एक शरीर असते. बसमध्ये चढताना माणसे मोजायची सवय इतकी मुरते की सुट्टीत लग्नाच्या पंगतीतही बोट आपोआप हलते. युरोपात बसच्या चालकाने साडेचार तास गाडी चालवली की त्याला पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती द्यावीच लागते, म्हणून आमचे जेवण, आमचे दर्शन, आमची स्वच्छतागृहे सारी त्या घड्याळाभोवती फिरतात. कुणाला मधुमेह आहे, कुणाला कांदा-लसूण चालत नाही, कोणते जोडपे दोन दिवसांपासून एकमेकांशी बोलत नाही, हे चौथ्या दिवशी न सांगता कळलेले असते. हॅरीकडे अशी नजर असती तर सेजलला तो आधी कामाच्या सवयीने वाचू लागला असता आणि मग त्या वाचण्याचे रूपांतर कशात झाले हे त्याला स्वतःलाही उशिरा कळले असते. प्रेम उगवायला केवढी चांगली जमीन होती ती!

अंगठीचीच गोष्ट घ्या. सहलीत वस्तू हरवणे ही आम्हाला नवी बाब नाही. दुसऱ्या वर्षी ल्युसर्नहून निघताना एका काकूंच्या लक्षात आले की कानातली कुडी नाही; मोत्यांची, सासूबाईंनी दिलेली. बस थांबवली. काकू रडत नव्हत्या, पण त्यांचा हात सारखा त्या कानाकडे जात होता. माझ्या वरिष्ठांनी मला पहिला धडा दिला होता तो असा, की हॉटेलला फोन करण्याआधी, पोलिसांकडे जाण्याआधी, माणसाची हातातली बॅग टेबलावर पूर्ण रिकामी करायची. त्याने स्वतः तीनदा पाहिली असली तरीही. घाबरलेला माणूस शोधत नाही, चाचपतो. मी पेट्रोल पंपाशेजारच्या उपाहारगृहात टेबलावर रुमाल अंथरला आणि एकेक वस्तू काढून मांडू लागले : चश्म्याचे घर, गोळ्यांची पट्टी, सुपारीची डबी, फ्रँकची नाणी, मुलाने लिहून दिलेला फोन नंबरांचा कागद, अर्धवट दुमडलेली लोकरी टोपी. कुडी टोपीच्या विणीत अडकलेली होती. काकूंनी ती लगेच कानात घातली नाही. मुठीत धरून खिडकीपाशी बसून राहिल्या. पुढे दोन तासांनी त्यांनी मला त्यांच्या सासूबाईंविषयी जे सांगितले, ते त्यांनी घरातही कुणाला सांगितले नसावे, असे मला आजही वाटते.

चित्रपटात सेजलची अंगठी शेवटी तिच्याच पर्समध्ये निघते. हे कळले तेव्हा थिएटरमध्ये काही जण हसले, पण मला धक्का बसला तो वेगळ्या कारणाने. ज्या व्यवसायात माणूस सर्वांत आधी बॅग उघडायला सांगतो, त्या व्यवसायातला अनुभवी माणूस अर्ध्या युरोपात फिरून आला आणि चित्रपट या पहिल्या पायरीपाशी क्षणभरही थांबला नाही. ही निव्वळ तांत्रिक चूक म्हणून मी सोडून दिली असती. परंतु याच ठिकाणी कथेचा जीव दडलेला होता. हॅरीला पहिल्या दिवसापासून शंका असती की अंगठी तिच्याजवळच आहे आणि त्याने बॅग उघडायला सांगणे दिवसेंदिवस पुढे ढकलले असते, तर त्याच्या त्या न बोलण्यात पूर्ण प्रेमकथा मावली असती. किंवा सेजलला ती प्रागमध्येच सापडली असती आणि तिने पर्सची चेन पुन्हा लावून घेतली असती, तर नंतरच्या प्रत्येक शहरात तिच्या वागण्याला धार आली असती. अंगठी सापडणे हा चित्रपटात एक योगायोग आहे, जो दोघांना निरोपाच्या वळणावर आणून सोडतो. तिथे कुणाची तरी निवड असायला हवी होती.

‘जब वी मेट’मध्ये रतलामच्या फलाटावरून गाडी सुटते तेव्हा नायिका गीतचे सामान कधीच पुढे गेलेले असते, अंगावरच्या कपड्यांनिशी तिला रात्र काढायची असते, आणि म्हणून तिचे अखंड बोलणे आपल्याला आवडते, त्या बोलण्याखाली तिचे धैर्य असते. सेजलवर असे कोणतेच संकट येत नाही. तिच्याजवळ पैसे आहेत, कपडे आहेत, हॉटेलात खोली आहे, आणि वेळ तर अमर्याद आहे. वास्तवात सर्वांत आधी वेळच संपतो. भारतीय प्रवाशाला शेंगेन व्हिसा बहुधा सहलीचे दिवस आणि वर थोडेसे, एवढाच मिळतो. नेदरलँड्स, चेक प्रजासत्ताक, हंगेरी, पोर्तुगाल हे सारे देश त्याच एका व्हिसावर येतात हे खरे, पण गट निघून गेल्यावर मागे राहिलेल्या माणसाच्या पासपोर्टवरची ती शेवटची तारीख मी रात्री झोपेतसुद्धा विसरले नसते. ती तारीख कथेत असती तर प्रत्येक शहरात त्यांच्याजवळचे दिवस कमी होत गेले असते. अंतराचेही तसेच. ॲमस्टरडॅम ते लिस्बन सरळ रेषेत मोजले तरी सुमारे १,८५० किलोमीटर होते; प्रागहून बुडापेस्टला आगगाडीने जायला साधारण सात तास लागतात. त्या सात तासांत दोन माणसे थकतात, कंटाळतात, एकमेकांसमोर तोंड उघडे टाकून झोपतात आणि जाग आल्यावर संकोचतात. हे थकणे पडद्यावर जाणवत नाही, त्यामुळे जवळीकही पायरीपायरीने वाढताना दिसत नाही. ती झाली, असे आपण मान्य करायचे.

हॅरी आपण हलके, बदचलन आहोत असे वारंवार सांगतो. सेजल आपण आकर्षक का नाही, आपल्याला सगळे गोड मुलगी का समजतात, असे वारंवार विचारते. दोन्ही प्रश्न खोल आहेत. विशेषतः सेजलचा. ज्या घरात मुलीचे गोड असणे हेच तिचे मोल ठरवले जाते, तिथून बाहेर पडलेली मुलगी परक्या देशात परक्या पुरुषाला हा प्रश्न विचारते, यात धोका आहे, धिटाई आहे आणि दुःखही आहे. पण असा प्रश्न एकदा विचारून पात्राने तो अंगावर घेऊन जगायचा असतो, आणि इथे तो बोलण्यातच राहतो. कायद्याची जाण असलेली सेजल हॅरीवर कोणतीही जबाबदारी येऊ नये म्हणून हमीपत्र लिहून देते, तो प्रसंग प्रदर्शनापूर्वीच्या एका छोट्या झलकीत दाखवला गेला आणि त्यातल्या एका शब्दावरून सेन्सॉर मंडळाच्या तत्कालीन अध्यक्षांनी घेतलेल्या आक्षेपाची चर्चा महिनाभर रंगली. त्या गदारोळात प्रसंगाचे मर्म बाजूला पडले. एका मुलीला पुरुषाबरोबर प्रवास करण्यासाठी आधी कागद करावासा वाटतो, तो कागद करताना ती किती भ्यालेली आहे आणि ते भय लपवायला किती अधिकाराने बोलते आहे, हे अनुष्का शर्मा डोळ्यांनी दाखवते. पटकथा मात्र त्या कागदाकडे गमतीचा ऐवज म्हणूनच पाहते.

मला सर्वांत जास्त उणीव भासली ती मुंबईची. सेजल मुंबईची आहे हे आपल्याला तिच्या बोलण्याच्या हेलावरून आणि आडनावावरून समजून घ्यावे लागते. ज्या घरात तिला परत जायचे आहे त्या घराचा स्वयंपाकघरातला आवाज, जिना, आई-वडिलांची तिच्याशी बोलण्याची रीत, तिचा वाग्दत्त वर रूपेन याच्याबरोबरची एखादी संध्याकाळ, यांपैकी काहीच आपल्या ओळखीचे होत नाही. रूपेन बहुतेक वेळ फोनवरचा एक तक्रारखोर आवाज आहे. माझ्या सहलींमध्ये मुलुंड, घाटकोपर, विलेपार्ल्याची गुजराती कुटुंबे दरवर्षी असतात. त्यांच्यातल्या मुली आठव्या-नवव्या दिवशी घरच्यांची नजर चुकवून एखाद्या पुलावर जरा लांब उभ्या राहतात आणि हाक मारली की लगेच परत येतात. त्या हाकेचे वजन किती असते हे मला ठाऊक आहे. सेजलला कोण हाक मारते आहे, हेच जर आपल्याला दिसले नाही, तर तिचे विमानातून उतरणे हे बंड आहे की लहर आहे, हे आपण कसे ठरवायचे?

जे चांगले आहे त्याचे ऋण मानलेच पाहिजे. प्रीतम आणि गीतकार इर्शाद कामिल यांनी या चित्रपटासाठी जी गाणी केली ती आजही माझ्या फोनमध्ये आहेत. ‘हवाएँ’ रेडिओवर इतकी वाजली तरी तिची कोवळीक गेली नाही. ‘यादों में’ ऐकताना ज्या रात्री हॉटेलच्या खिडकीतून अनोळखी शहराचे दिवे पाहिले त्या सर्व रात्री एकत्र येतात. के. यू. मोहनन यांच्या कॅमेऱ्याने शहरे चकचकीत भेटकार्डासारखी दाखवण्याचा मोह बराच आवरला आहे. शाहरुख जेव्हा गप्प असतो तेव्हा तो विलक्षण चांगला आहे. खरे तर गाण्यांतला हॅरी आणि संवादांतला हॅरी ही दोन वेगळी माणसे वाटतात, आणि मला पहिल्या माणसाचा चित्रपट पाहायचा होता. लिस्बनमधल्या ग्यास नावाच्या बांगलादेशी गुंडाच्या रूपाने परदेशात रुतलेला आणखी एक माणूस हॅरीसमोर उभा राहतो. चंदन रॉय सन्याल यांनी त्याला चांगले रंगवले आहे. दोन उपरे समोरासमोर आले आहेत, ही जाणीव त्या धावपळीत पुरती उमलत नाही.

शेवटी हॅरी मुंबईला येतो, सेजलचे लग्न मोडल्याचे त्याला कळते, आणि दोघे पंजाबात त्याच्या गावी, नूरमहलला पोचतात. शेते तीच आहेत जी सुरुवातीच्या गाण्यात होती. इथे माझा ऊर भरून यायला हवा होता, कारण घरी परतणे हा माझ्याही आयुष्यातला दर वर्षीचा प्रसंग आहे. तसे झाले नाही. हॅरीने गाव का सोडले हे सांगितले गेले होते, तो गायक व्हायला कॅनडाला निघाला होता. पण तो इतकी वर्षे परत का गेला नाही, फोनवर घरच्यांशी काय बोलत होता, कुणाला त्याने काय वचन दिले होते, हे माहीत नसल्यामुळे त्याचे परतणे एखाद्या सुंदर स्थळाला भेट दिल्यासारखे झाले. बारा-पंधरा वर्षांनी उंबरठ्याशी आलेला माणूस आधी चप्पल कुठे काढायची याचा विचार करतो. त्या घरातली जागा बदललेली असते. एवढे एक दृश्य जरी असते तरी मी बऱ्याच गोष्टी माफ केल्या असत्या.

बाहेर आलो तेव्हा पाऊस धरला होता. रिक्षात आई बराच वेळ काही बोलली नाही. मला वाईट वाटत होते, आणि ते चित्रपटाबद्दल होते की तिला उगाच इतका वेळ बसवून ठेवल्याबद्दल, हे मला सांगता आले नसते. घोडबंदर रोडच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा ती म्हणाली, “ते पहिलं दृश्य होतं ना, सगळ्यांना आत सोडल्यावर तो उभा असतो. तू काय करतेस गं त्या वेळी?”

मी तिला सांगितले. सलग सहली लागतात तेव्हा एक गट परत पाठवल्यावर दुसरा गट उतरायला दोन दिवस असतात. शेवटचा प्रवासी सुरक्षा तपासणीच्या पलीकडे गेला की मी झेंडी गुंडाळून बॅगेत ठेवते आणि समोरच्या बाकावर बसते. तरीही नजर रांगेतल्या अनोळखी माणसांना मोजत राहते, बेचाळीसपर्यंत मोजून होते आणि मग आठवते की आता मोजायचे नाही. भूक लागलेली असते, पण पंधरा दिवस दुसऱ्यांचे जेवण पाहिल्यामुळे स्वतःसाठी काय मागवावे ते सुचत नाही. मग मी घरी फोन लावते.

आई म्हणाली, “तरीच. त्या दिवशी तू काहीच सांगत नाहीस. आज भाजी काय केलीस, एवढंच विचारतेस.”